मला दुभाषी लागत नाही

माझं इंग्रजी उत्तम आहे. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. माझ्या निरोपसमारंभात आमच्या साहेबांनी भाषणात सांगितलं होतं, आणि त्या भाषणाचा मसुदा मीच लिहून दिलेला असल्यामुळे त्यात चूक असण्याचा संभव नाही. महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत माझी सगळी नोकरी गेली. आधी आवक-जावक, मग जन्म-मृत्यू दाखल्यांची खिडकी. रोजचा कारभार मराठीत. पण एखादं पत्र दिल्लीला धाडायचं झालं की साहेब मान वर करून माझ्या टेबलाकडे बघायचे. 'आय बेग टू स्टेट' या शब्दांनी सुरुवात, 'काइंडली डू द नीडफुल' या शब्दांनी शेवट, आणि मध्ये साहेब सांगतील ते. त्या पत्रांना दिल्लीहून कधीही उलट उत्तर आलं नाही. म्हणजे शंका विचारायला मी जागाच ठेवत नसे.

खिडकीपलीकडच्या माणसाला मराठी येत नसेल तर काय, याचीही सोय आमच्याकडे होती. आमचा चहावाला पोरगा गुलबर्ग्याकडचा. त्याला कानडी यायचं, तेलुगू यायचं, हिंदी तर सगळ्यांनाच येतं. बांधकामावरची एखादी बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घ्यायला यायची आणि पदर डोळ्याला लावून बराच वेळ तिच्या भाषेत बोलत राहायची. पोरगा किटली खाली न ठेवता सगळं ऐकायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, "साहेब, नवरा गेला, दाखला पायजे." मला त्याचं फार कौतुक वाटे. एवढं मोठं गाऱ्हाणं चार शब्दांत बसवणं सोपं नाही. मी त्याला एक कटिंग जास्त सांगायचो. ती तोच आणायचा आणि पैसेही तोच मांडून ठेवायचा, पण भावना महत्त्वाची.

अशी दीक्षा घेतलेला माणूस मुलीच्या ग्रीन कार्डाच्या कृपेने न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सच्या गल्लीत राहायला गेला.

या महानगरात सातशेच्या वर भाषा बोलल्या जातात, असं त्यांची मोजणी करणारे अभ्यासक सांगतात. त्यातल्या निम्म्या रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर, डोक्यावरून सात नंबरची गाडी धडधडत जात असताना, तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्या जातात असा माझा अंदाज आहे. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर उतरलं की सोनाराच्या दुकानात गुजराती, मिठाईच्या दुकानात बंगाली, मोमोच्या गाडीवर नेपाळी आणि तिबेटी. आणि कोणत्याही सरकारी दारातून आत पाऊल टाकलं की भिंतीवर तक्ता: तुम्हाला मोफत दुभाषी मिळण्याचा हक्क आहे, आपल्या भाषेवर बोट ठेवा.

पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मला गंमत वाटली. म्हणजे सरकारी कामाला यायचं, भाषा आपल्याला येत नाही, आणि त्यासाठी माणूस सरकारने पुरवायचा! आमच्याकडे झेरॉक्ससुद्धा ज्याची त्याने आणायची असते. मुलीने समजावलं. मेयर ब्लूमबर्ग यांनी २००८ साली हुकूम काढून शहराच्या खात्यांना याला जुंपलं, आणि २०१७ मध्ये त्याचा रीतसर कायदाच झाला. महत्त्वाचे कागद दहा भाषांत छापायचे: स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतीची क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच आणि पोलिश. शिवाय फोनवरून निदान शंभर भाषांमध्ये दुभाषी द्यायचा.

"यात मराठी नाही," मी म्हणालो. छातीत काहीतरी टोचलं.

"बाबा, इंग्रजी कमी येणारे लोक कोणत्या भाषेचे जास्त आहेत, ते मोजून ही यादी करतात."

मग मात्र मला यादीत नसल्याचा अभिमानच वाटायला लागला. आपल्या लोकांच्या इंग्रजीला न्यूयॉर्क शहराने कायदा करून दिलेलं हे प्रशस्तिपत्रच नव्हे काय? ब्लूमबर्गसाहेबांबद्दलही आदर दुणावला. ते स्वतः पत्रकार परिषदेच्या शेवटी स्पॅनिशमध्ये बोलत, अस्सल अमेरिकन उच्चारांत, आणि २०११ च्या चक्रीवादळात त्यावरून कुणीतरी ट्विटरवर त्यांच्या विडंबनाचं खातंच उघडलं होतं. पण गडी डगमगला नाही. इतरांना दुभाषी देण्याचा हुकूम काढायचा आणि आपण मात्र दुभाष्याशिवाय बोलायचं, हा बाणा मला एकदम आपला वाटला.

सौ.चा बाणा वेगळा. तिला इंग्रजी समजतं, बोलता येत नाही असं ती म्हणते. तिच्या गुडघ्यासाठी आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, दुभाषी बोलावू का? मी म्हणालो, "आय ॲम हिअर, नो." नर्सबाईंनी मग बरंच काही सांगितलं की घरच्या माणसाने दुभाष्याचं काम करू नये, तसा नियमच आहे, काही बाबी माणूस घरच्यांसमोर बोलत नाही, वगैरे. मी त्यांना माझ्या नोकरीची माहिती दिली. ती जरा लांबली. शेवटी त्या थकल्या आणि डॉक्टर आत आले.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? सौ. सुरू झाली. स्टेशनच्या लोखंडी जिन्यावरून उतरताना डावीकडे कळ येते, चढताना येत नाही. खरं तर ती गुडघ्यात सुरूच होत नाही, कमरेत होते आणि मांडीच्या बाहेरून खाली उतरते. धाकटीच्या बाळंतपणापासून आहे. थंडीत वाढते. पहाटे जास्त. नणंदेने कोल्हापूरहून पाठवलेलं तेल लावलं की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तेल संपतं. खाली मांडी घालून बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो आणि घरातली माणसं त्या वेळी नेमकी मोबाइलमध्ये असतात.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला माझा चहावाला आठवला.

"पेन इन नी, सर," मी म्हणालो.

"एवढंच?"

"बोथ नी," मी भर घातली.

दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे निघाले. दोन्ही गुडघे ठणठणीत. डॉक्टर कोड्यात पडले आणि सौ. घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्याचा अर्थ मला कुठल्याही भाषेत समजावून घ्यावा लागला नाही.

आता कचऱ्याकडे येतो.

आदल्या मुक्कामात मी मुलीच्या घरचा कचरा हे खातं माझ्याकडे घेतलं होतं. तेव्हा नियम होता की दुपारी चारनंतर कचरा फुटपाथच्या कडेला ठेवायचा, रात्री किंवा सकाळी गाडी नेणार. मी घड्याळात चार वाजताना दारात उभा असायचो. पुढे उंदरांच्या बंदोबस्तासाठी शहराने १ एप्रिल २०२३ पासून वेळ बदलली. नुसती पिशवी असेल तर रात्री आठनंतर, झाकणाच्या डब्यात असेल तर संध्याकाळी सहानंतर. नोव्हेंबर २०२४ पासून लहान घरांना डबा सक्तीचा झाला. हे सगळं सांगणारा रंगीत कागद घरी आला होता. कागद जाड आणि गुळगुळीत. मी तो सौ.च्या मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला, कारण नियम मला पाठ होता.

तर मुक्कामाला परत आल्यावर मी दर कचऱ्याच्या वारी चारला डबा बाहेर नेत होतो. झाकण घट्ट, हँडल रस्त्याकडे. शिस्त म्हणजे शिस्त. एके दिवशी जावयाच्या नावाने समन्स आलं. वेळेआधी कचरा बाहेर, दंड पन्नास डॉलर.

"भरून टाकतो, बाबा," जावई म्हणाले. "दोन क्लिकचं काम."

पन्नास डॉलर म्हणजे चार हजारांच्या वर रुपये. पण प्रश्न पैशांचा नव्हता, तत्त्वाचा होता. एका नागरी कर्मचाऱ्याने दुसऱ्या नागरी कर्मचाऱ्यावर केलेला हा अन्याय होता. मी शहराच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. ३११ हा नंबर तिथे २००३ पासून चालू आहे आणि खड्ड्यापासून घुशीपर्यंत सगळ्याची दाद तिथे मागतात. पलीकडे बाईंचा आवाज आला. मी घसा साफ केला.

"मॅडम, आय बेग टू स्टेट..."

"विच बॅग, सर?" त्यांनी आपुलकीने विचारलं. "काळी की पारदर्शक?"

पुढची काही मिनिटं आम्ही पिशव्यांच्या रंगांवर बोललो. बाई फार सज्जन होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, आपल्याला दुभाषी जोडून देऊ का? मी फोन ठेवला.

मालकाच्या वतीने दुसऱ्याला सुनावणीला उभं राहता येतं, आणि सुनावणी फोनवरून होते, एवढं मुलीने शोधून काढलं. तिनेच अर्ज भरला. त्यात 'दुभाषी हवा का' या रकान्यात तिने मला न विचारता 'हो' वर खूण केली. मी घर डोक्यावर घेतलं. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा करणारा आदेश काढला आणि क्लिंटन यांचा २००० सालचा भाषासाहाय्याचा आदेश मोडीत काढला, तेव्हा टीव्हीसमोर मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो. आणि माझ्याच घरात मला दुभाषी! मुलगी शांतपणे म्हणाली की तो आदेश केंद्राचा, शहराचा कायदा आहे तसा आहे, आणि तुम्ही फक्त फोन उचला.

सुनावणीआधी खात्री करायला एका गृहस्थांचा फोन आला. दुभाषी कोणत्या भाषेचा हवा?

"नो इंटरप्रिटर," मी ठणकावलं. "बट फॉर युअर काइंड इन्फर्मेशन, माय मदर टंग इज मराठी." आणि मग राहवेना. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक निघाले, असं सगळं मी त्यांना ऐकवलं. ते गृहस्थ समोरची यादी चाळत असावेत.

"माल्टीज?" त्यांनी विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माल्टाची सगळी लोकसंख्या आमच्या एका मध्यम शहरात मावेल! "नो, नो. गो डाउन."

"मँडरिन?"

"डाउन."

"माओरी?"

"स्टिल डाउन!"

"मार्शलीज?"

"अप! अप! वन अप!"

"मराठी," ते म्हणाले. "सापडली."

"यस्स!" मी ओरडलो.

"उत्तम. मराठी दुभाषी नोंदवला आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि मी बराच वेळ तो फोन हातात धरून उभा होतो.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर ठेवला. अमेरिकेतल्या घरांत स्वयंपाकघराला भिंत नसते, ही या देशाच्या वास्तुशास्त्रातली गंभीर त्रुटी आहे. सौ. सहा फुटांवर पोळ्या लाटत होती.

सुनावणी अधिकारी बोलले. मग एक तरुण, स्वच्छ आवाज मराठीत म्हणाला, "नमस्कार. मी मराठी दुभाषी. आपण जे जे बोलाल ते सगळं मी इंग्रजीत सांगेन, साहेब बोलतील ते सगळं मराठीत. मला त्यातलं काही गाळता येत नाही, पदरचं काही घालता येत नाही आणि सल्लाही देता येत नाही. थोडं थोडं बोलून थांबावं." तिने तशी शपथ घेतली, मग मीही घेतली.

परदेशात इतकं गोड मराठी कानावर पडल्यावर कुणाचंही मन भरून येईल. मी म्हणालो, "वा! तुम्ही नागपूरकडच्या का? माहेर कुठलं?"

क्षणभर शांतता. मग त्याच स्वच्छ आवाजात माझा प्रश्न इंग्रजीत गेला.

अधिकारी जरा गोंधळले. "मी स्टॅटन आयलंडचा," ते म्हणाले.

"मी स्टॅटन आयलंडचा," दुभाषी मुलीने मला मराठीत सांगितलं.

"अहो, त्यांना नाही, तुम्हाला विचारलं."

तेही इंग्रजीत गेलं.

मी धोका ओळखला आणि इंग्रजीवर आलो. "सर, आय ॲम ॲन ओल्ड म्युनिसिपल हँड..." अधिकाऱ्यांनी थांबवलं. दोन्ही भाषा एकदम चालणार नाहीत, दुभाषी हवी आहे की नको, ते एकदा ठरवा. तिने हे मराठीत सांगितलं. मी विचार केला, मुलगी आपल्याकडची आहे, तिच्या पोटावर पाय कशाला? म्हटलं, "राहू द्या त्यांना. शोभेला."

हेही गेलं. "डेकोरेशन" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

मग मी बाजू मांडायला घेतली, आणि एक विलक्षण प्रकार सुरू झाला. मी थांबलो की तो पंचविशीतला आवाज म्हणे, "मी निवृत्त गृहस्थ आहे. मला दोन नातवंडं आहेत. माझ्या हाताखाली तीन शिपाई होते." ती 'हे म्हणतात' असं म्हणतच नव्हती, मी म्हणजे ती आणि ती म्हणजे मी. शिवाय आयुष्यात पहिल्यांदाच माझी मराठी वाक्यं सबंधच्या सबंध, एकही न गाळता, नीट इंग्रजीत मला ऐकू येत होती. चारला कचरा ठेवणं हा माझा जन्मसिद्ध हक्क असून तो मी मिळवणारच, अशा अर्थाचं काहीतरी मी बोलून गेलो होतो. ते तिने तंतोतंत सांगितलं. ऐकताना माझ्याच मनात आलं, कोण हा म्हातारा, आणि याला फोन कुणी दिला?

पण अधिकारी मात्र शांतपणे ऐकत होते. मध्येच "हं" म्हणत. तो "हं" मला ओळखीचा वाटला. खिडकीवर बसून मीही असाच "हं" म्हणायचो. मला हुरूप आला. मी फोनपासून मान वळवून स्वयंपाकघराकडे हळूच म्हणालो, "अगं, माणूस मऊ दिसतोय. दोन शब्द गोड बोललं की सुटलो."

टेबलावरच्या फोनमधून तोच आवाज, तसूभरही न चढता किंवा उतरता, अधिकाऱ्यांना इंग्रजीत म्हणाला की हे गृहस्थ मऊ दिसतात आणि दोन गोड शब्दांत मी सुटेन.

यावर अधिकारी काय म्हणाले ते आठवत नाही, कारण त्याच वेळी सौ.चं लाटणं थांबलं.

"मी तेव्हाच सांगत होते," ती म्हणाली. "सहा वाजल्याशिवाय डबा हलवू नका. मुलीने कागद वाचून दाखवला होता. तुम्ही म्हणालात, आमच्या वेळी चार होते, आणि तो कागद माझ्या हळदीच्या डब्याखाली घातलात."

"दुभाषी बोलते आहे," फोन म्हणाला. "खोलीतून दुसरा आवाज येतो आहे. तो असं म्हणतो की..." आणि हळदीच्या डब्यासकट सगळं गेलं.

"या कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सौ. हात पुसत टेबलाशी आली. मी हातवारे केले. सुदैवाने ते फोनवरून भाषांतरित होत नाहीत. साक्ष द्यायची आहे का, असं तिला विचारण्यात आलं. तिने खुर्ची ओढली, माझ्याकडे न बघता शपथ घेतली आणि बोलायला लागली.

मी सौ.ला इतकं सविस्तर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ती बोलत आली असणार, पण मी सारांश काढत आलो होतो. चार वाक्यं बोलायची, थांबायची, ती मुलगी चारच्या चार पलीकडे पोचवायची. सौ.च्या चेहऱ्यावर हळूहळू जे काही पसरत गेलं, ते मी तिच्या साठीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. तिने नियम सांगितला, बदललेली तारीख सांगितली, डब्याचं माप सांगितलं. उन्हाळ्यात मासळीच्या कचऱ्याचा वास कसा येतो ते सांगितलं. केळ्याच्या साली वेगळ्या तपकिरी डब्यात टाकायच्या की नाही, हे यांना अजून कळलेलं नाही, हेही सांगितलं. अधिकारी म्हणाले, तो आजचा विषय नाही. सौ. म्हणाली, नसू दे, पण नोंद असावी.

"आणि एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "शेजारच्या कोरियन आजी एकट्या असतात. त्यांचा डबाही हेच चारला बाहेर ठेवतात. उपकार म्हणून. त्या बिचारीलाही परवा समन्स आलंय आणि तिला अजून कळलेलं नाही कसं."

हे मला माहीत नव्हतं. दुभाषी मुलीचा आवाज या एकाच ठिकाणी किंचित हलल्यासारखा वाटला, पण शब्द सगळे पोचले.

शेवटी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे? माझ्या डोळ्यांपुढे किटली घेतलेला पोरगा उभा राहिला. तो असता तर दोन शब्दांत मिटलं असतं. "नाही," मी म्हणालो. तीन सेकंदांत "नो" पलीकडे गेला. एवढं एक मलाही जमलं असतं.

फोन बंद होण्याआधी सौ. घाईघाईने म्हणाली, "पोरी, जेवलीस का गं?" हेही नियमाप्रमाणे इंग्रजीत गेलं आणि स्टॅटन आयलंडच्या साहेबांनी सांगितलं, नाही, अजून नाही, पण विचारल्याबद्दल आभारी आहे.

निकाल टपालाने आला. दंड कायम. निकालपत्र दीडेक पानाचं होतं. त्यात माझं सगळं भाषण एका वाक्यात आटोपलं होतं, आणि तेवढ्यापुरता तो अधिकारी मला गुरुबंधू वाटला. पण सौ.ची साक्ष विश्वासार्ह वाटते, असं एक स्वतंत्र वाक्य होतं. ते तिने मुलीकडून वाचून घेतलं, जावयाकडून वाचून घेतलं, मग माझ्याकडूनही घेतलं, उच्चार नीट होतात की नाही ते बघत. कागद फ्रिजवर लागला. कोरियन आजींचा दंड मी भरला. त्यांना कारण समजावून सांगायला मी इंग्रजीत सुरुवात केली, तर त्यांनी कोरियनमध्ये उत्तर दिलं आणि एक डबाभर किमची दिली. त्यांना काय समजलं कोण जाणे.

तेव्हापासून सौ.चं धाडस वाढलं आहे. ग्रंथालयात जाते, तक्त्यावर मराठी नसेल तर 'मराठी' असं स्वतः लिहून कागद पुढे सरकवते. कमरेचं दुखणं (गुडघ्याचं नव्हे, हे आता सर्वमान्य आहे) दाखवायला आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी चाकांच्या गाड्यावर एक पडदा ढकलत आणला, त्यावर दुभाषी बाई दिसत होत्या. नर्सबाईंनी मला ओळखलं. त्यांनी सौ.ला काहीतरी विचारलं, पडद्यावरच्या बाईंनी ते मराठीत सांगितलं, सौ.ने फार विचार न करता मान हलवली, आणि मला बाहेरच्या खुर्च्यांकडे जायचा रस्ता दाखवण्यात आला. दार लोटताना एवढंच ऐकलं, "हां, तर लोखंडी जिन्यापासून सुरू करते."

बाहेर माझ्याच वयाचे एक बांगलादेशी गृहस्थ बसले होते. टोपी गुडघ्यावर, नजर बंद दारावर. त्यांच्याही बायकोने दुभाषी मागितला होता. थोडा वेळ आम्ही दोघं आपापल्या इंग्रजीच्या आठवणी काढत बसलो, अर्थात हिंदीत. ते ढाक्याला टपाल खात्यात होते. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. मी लांबूनच ओळखला. समन्स.

"कचरा?" मी विचारलं.

त्यांनी खिन्नपणे मान हलवली.

"किती वाजता ठेवला होता?"

"चार."

मी खुर्ची जवळ ओढली. त्यांना म्हटलं, काळजी सोडा, अशा प्रकरणांचा मला अनुभव आहे, बाजू भक्कम आहे. फक्त सुनावणीच्या वेळी भाभींना काही निमित्त काढून बाजारात पाठवा.